कुर्डुवाडी : गाडी बदलायचं गाव

परवा पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या तरुणानं विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" म्हणालो, कुर्डुवाडी. तो म्हणाला, "हां, ते जंक्शन ना? रात्री गाडीत झोपेत कधीतरी लागतं ते." समोरच्या ताटावर लातूरकडचे सत्तरीतले एक गृहस्थ होते. ते मधेच म्हणाले, "आमच्या वेळी कुर्डुवाडीला झोपून चालत नव्हतं बाबा. ट्रंका काढून खाली उतरावंच लागायचं."

घरी येईपर्यंत ही दोन वाक्यं डोक्यातून गेली नाहीत. एकेकाळी जिथं उतरावंच लागायचं, ते गाव आता झोपेत निघून जातं. हे कसं झालं, आणि त्यात आपण सगळ्यांनी टाळ्या कुठं वाजवल्या, यावर आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी गावाच्या ठेवणीबद्दल. आपल्या आजूबाजूची गावं बघा. करमाळ्याला किल्ला आहे, कमलादेवी आहे. माढ्याला निंबाळकरांची गढी आणि माढेश्वरी. परांड्याचा किल्ला तर सगळ्यांना ठाऊक. बार्शीला भगवंताचं देऊळ आणि त्याच्याभोवती जुन्या पेठा. कुर्डुवाडीत यातलं काय आहे? वेस नाही, गढी नाही, नदीचा घाट नाही, कारण नदीच नाही. नाव सुद्धा उसनं. मूळ गाव कुर्डू, ते आजही शेजारी वेगळं नांदतंय. त्याची ही वाडी. एका बाजूला भोसरे. या शिवारांमधून इंग्रजांनी लोखंडी रूळ नेले आणि रुळांना धरून गाव वाढलं. बाकी गावं देवळाभोवती नाही तर पाण्याभोवती वाढली, आपलं गाव फलाटाभोवती वाढलं. म्हणून आजही आपण पत्ता सांगताना लाइनीच्या अलीकडं की पलीकडं, हे आधी सांगतो. मधे स्टेशन, यार्ड, रेल्वेचा कारखाना आणि रेल्वेची वसाहत. मग बाजार. आणि मग बार्शीकडं, पंढरपूरकडं, टेंभुर्णीकडं, माढ्याकडं जाणारे रस्ते. तालुका माढा, पण प्रांत कार्यालय कुर्डुवाडीला. असा उलटा प्रकार का, तर इथं रेल्वे होती, येणं-जाणं सोपं होतं.

आता मुळाशी जाऊ. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. मुंबईहून निघालेली तिची लाइन 1858 मध्ये पुण्यावरून दिक्सळपर्यंत आली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1859 मध्ये, ती आपल्या शिवारात पोचली आणि 1860 मध्ये सोलापूरला. पुढं 1871 मध्ये रायचूरला मद्रासची लाइन येऊन मिळाली आणि मुंबई-मद्रास रेल्वेनं जोडले गेले.

या लाइनीनं बार्शीला मात्र बाजूला टाकलं. बार्शी म्हणजे कापसाची, धान्याची, तेलबियांची मोठी पेठ. मराठवाडा तेव्हा निजामाकडं, आणि तिथला माल बार्शीत उतरायचा. पण रूळ सोलापूरकडं सरळ गेले आणि बार्शी साधारण 35 किलोमीटरवर राहिली. मग आपल्या शिवारात एक स्टेशन केलं आणि त्याला नाव दिलं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचा रस्ता इथून. लक्षात घ्या मित्रांनो, आपल्या स्टेशनच्या पहिल्या पाटीवर आपलं नाव नव्हतंच. दुसऱ्याच्या गावाला जायची खूण, एवढीच आपली ओळख.

जवळजवळ 38 वर्षं हा रस्ता बैलगाडीचाच राहिला. बार्शीहून कापसाच्या गाड्या यायच्या, माल रेल्वेत चढायचा. पंढरपूरला जाणारे मुंबई-पुण्याकडचे वारकरीही इथंच उतरून पुढं बैलगाडीनं नाहीतर पायी जायचे. बार्शीला फाटा काढायची चर्चा 1870 पासूनची. पण मोठी लाइन खर्चाची, आणि कोणत्या मापाची लाइन टाकायची यावर कागद फिरत राहिले.

शेवटी ज्या माणसानं हे काम तडीला नेलं त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म 1857 चा, जीआयपीत नोकरीला असलेला इंग्रज इंजिनिअर. त्याचं म्हणणं साधं होतं. रूळ हलके टाका, माप अरुंद ठेवा, पण गाडी अशी बांधा की वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं जाईल. मग स्वस्तातली लाइनसुद्धा भरपूर माल ओढेल. 1887 पासून तो मागं लागला होता. 1895 मध्ये सरकारशी करार झाला, लंडनमध्ये कंपनी काढली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही 21 मैलांची लाइन सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. शेजारच्या मोठ्या लाइनीचं माप 1676 मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी. रूळ यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचे आणि इंजिनाच्या एका आसावर फक्त 5 टन भार. भारतातल्या अरुंद लाइनींच्या इतिहासात बार्शी लाईटचं नाव घेतलं जातं ते यासाठी. असली लाइन खेळणं नसते, पोटापाण्याचा धंदा करू शकते, हे तिनं दाखवून दिलं.

मग ती वाढत गेली. 1906 ला पंढरपूर. दुसऱ्या बाजूला बार्शीच्या पुढं येडशी, तडवळे, ढोकी, मुरुड करत 1911 ला निजामाच्या मुलखातलं लातूर. आणि 1927 ला पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ करत मिरज. एकूण 202 मैल, म्हणजे 325 किलोमीटर. त्याच 1927 मध्ये कॅलथ्रॉप वारला. लातूर ते मिरज या लांबच लांब दोरीची गाठ होती कुर्डुवाडी. कारखाना इथंच. पूर्वेचा माल इथं, दक्षिणेचा माल इथं, आणि मधून मुंबई-मद्रास मोठी लाइन.

आता खरी गोष्ट. गाव कशावर जगलं? लोक म्हणतात रेल्वेवर. मी म्हणतो, दोन मापांमधल्या फरकावर. 762 च्या रुळावरचा डबा 1676 वर जाऊ शकत नाही. म्हणजे लातूरची प्रत्येक गोणी, बार्शीची प्रत्येक कापसाची गाठ इथं छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावी लागणार. प्रत्येक प्रवासी उतरणार आणि दुसऱ्या गाडीची वाट बघणार. गाडी उशिरा आली तर तो चहा पिणार, भजी खाणार, मुक्काम पडला तर लॉजवर जाणार. हमाल, टांगेवाले, खानावळी, फळवाले, पान-तंबाखूची दुकानं, सगळं या एका अडचणीवर उभं राहिलं. प्रवाशाची गैरसोय हीच आपली सोय होती.

हे काम किती कष्टाचं होतं, ते ज्यांच्या घरात हमाली होती त्यांना विचारा. गंमत अशी की माल उतरवायची ही कटकट कॅलथ्रॉपलाही कळत होती. इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाइन त्याच्या देखरेखीखाली 1904 मध्ये झाली. तिथं त्यानं अशी वाघीण वापरली की मोठ्या लाइनीचा अख्खा डबा छोट्या वाघिणीवर चढवून पुढं न्यायचा. माल खाली काढायचाच नाही. आपल्याकडं मात्र ते ओझं माणसाच्या पाठीवर राहिलं. पाठी मोडल्या आणि त्याच पाठींवर गाव जगलं, दोन्ही खरं.

माझ्या पिढीनं छोट्या गाडीची शेवटची वर्षं बघितली. शाळेत असताना आजोळी जायला आम्ही हीच गाडी पकडायचो. मोठ्या लाइनीच्या फलाटावरून बघितलं तर बाहुलीची गाडी वाटायची. आत बसलं की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात तर वेग असा की धावत्या गाडीतून उतरून, रस्त्यातली बोरं तोडून पुन्हा शेवटच्या डब्यात चढल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. निम्म्या खोट्या असतील. एखादा माणूस रेंगाळत काम करायला लागला की "काय बार्शी लाईट आहे" असं आपल्याकडं अजून म्हणतात. कारखान्याचा भोंगा झाला की आई डबा भरायला घ्यायची, घड्याळाकडं बघायची नाही.

याच कारखान्याच्या आणि या लाइनीच्या कामगारांची एक गोष्ट मात्र गावात फारशी कुणी सांगत नाही. ती मला वकील मित्रामुळं कळली आणि मी सर्द झालो.

1895 च्या करारात सरकारनं ही लाइन विकत घ्यायचा हक्क राखून ठेवला होता. त्याप्रमाणं डिसेंबर 1952 मध्ये कंपनीला नोटीस आली आणि 1 जानेवारी 1954 पासून बार्शी लाईट सरकारजमा व्हायची ठरली. नोव्हेंबर 1953 मध्ये कंपनीनं सगळ्या कामगारांना कळवलं की 31 डिसेंबरला तुमची नोकरी संपली. सरकारनं बहुतेकांना कामावर घेतलं, पण आपल्या नव्या अटींवर. जुनी नोकरी तिथंच तुटली. त्याच सुमाराला छाटणी झालेल्या कामगाराला भरपाई द्यायची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात नवीनच आली होती. युनियननं म्हटलं, ही छाटणीच आहे, आम्हाला भरपाई द्या. युनियनचे अध्यक्ष होते के. एन. जोगळेकर, मीरत कटाच्या खटल्यातले एक आरोपी, जुने कम्युनिस्ट पुढारी. मुंबई हायकोर्टानं कामगारांची बाजू उचलून धरली. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

27 नोव्हेंबर 1956 ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. चालू धंद्यात जादा झालेला कामगार कमी करणं म्हणजे छाटणी. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती छाटणी नव्हे. भरपाई नाही. कामगार हरले.

पण गोष्ट तिथं संपली नाही. हा निकाल तसाच राहिला असता तर देशभरात कुणीही मालक कारखाना विकून हात झटकून मोकळा झाला असता. म्हणून 1957 मध्ये संसदेनं कायदाच बदलला. धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर कामगाराला भरपाई, किंवा नव्या मालकानं जुनी नोकरी न तोडता, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुढं चालवायची. धंदा बंद झाला तरी भरपाई. आणि हा बदल कधीपासून लागू? 28 नोव्हेंबर 1956 पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून.

एक दिवस, मित्रांनो. बार्शी लाईटच्या कामगारांना काही मिळालं नाही, आणि त्यांच्या लढ्यामुळं पुढं या देशातल्या प्रत्येक कामगाराला हक्क मिळाला. कामगार कायदा शिकणारी पोरं आजही हा खटला वाचतात. त्या पुस्तकांत 'बार्शी लाईट रेल्वे' हे नाव छापलेलं आहे. आपल्या गावात मात्र त्याची एक पाटी नाही.

आता शेवटचा भाग, तो थोडा स्वतःवरही आहे.

मोठी लाइन पाहिजे ही मागणी या भागाची वर्षानुवर्षांची होती, आणि ती योग्यच होती. लातूरच्या माणसानं मुंबईला जाताना मध्यरात्री पोरंबाळं घेऊन फलाट का बदलावा? कुर्डुवाडी ते पंढरपूर रुंदीकरण या शतकाच्या सुरुवातीला झालं. लातूरकडून 2007 मध्ये उस्मानाबादपर्यंत, म्हणजे आजच्या धाराशिवपर्यंत, मोठी लाइन आली. आधीच्या छोट्या लाइनीनं त्या शहराला टाळलं होतं, ती चूकही दुरुस्त झाली. 2008 मध्ये ती लाइन कुर्डुवाडीला मिळाली, आणि 2010 च्या सुमाराला पंढरपूर-मिरजही मोठी झाली. लातूर-मुंबई थेट गाडी आली. कोल्हापूर-नागपूर गाडी आपल्यावरून जायला लागली.

मी तेव्हा नवा बातमीदार होतो. डिप्लोमा करून आलेला, अंगात जोर. बातमी लिहिली ती "स्वप्नपूर्ती", "विकासाचं दार उघडलं" अशा भाषेत. हार, पेढे, इंजिनाला नारळ, सगळ्यांची नावं क्रमानं. फलाटावर एक चहावाले मामा होते, ते मला म्हणाले, "सर, आता गाडी बदलायची नाही म्हणजे आमच्याकडं कोण थांबणार?" मी हसलो. म्हणालो, मामा, गाड्या वाढणार, गिऱ्हाईक वाढणार. त्यांचं वाक्य मी बातमीत घेतलं नाही. आनंदाच्या बातमीत ते बसत नव्हतं.

मामांचं खरं ठरलं. गाड्या वाढल्या, पण त्या दोन-पाच मिनिटं थांबून निघतात. गाठ सुटली, दोरी सरळ झाली, आणि गाठीवर बसलेलं गाव मोकळं पडलं. छोट्या लाइनीसाठी बांधलेल्या कारखान्याला छोट्या लाइनीचं कामच उरलं नाही. कारखाना आजही आहे, त्याचं पुढं काय हा प्रश्न मात्र दर निवडणुकीला निघतो आणि निकालानंतर परत यार्डात जाऊन उभा राहतो.

तिकडं पुणे-सोलापूर हायवे टेंभुर्णी-मोहोळवरून गेला. ढाबे तिकडं, गोदामं तिकडं, पेट्रोल पंप तिकडं. 1859 मध्ये रेल्वेनं बार्शीला जसं बाजूला टाकलं, तसंच हायवेनं आपल्याला टाकलं. फरक इतकाच की बार्शीकडं स्वतःची पेठ होती, स्वतःचा व्यापार होता. बाजूला पडूनही ती तगली, आणि 38 वर्षांनी का होईना रेल्वे स्वतःकडं घेऊन आली. आपल्याकडं स्वतःचं असं काय आहे, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही, कारण लोक आपोआप उतरत होते.

मी छोट्या लाइनीसाठी रडत नाहीये. ती परत यावी असं म्हणणारा माणूस गुडघे टेकून त्यात चार तास बसलेला नसतो. मुद्दा एवढाच आहे की सोय सगळ्यांची झाली आणि किंमत एका गावानं दिली. ही किंमत आधी कुणी मोजली नाही. राज्यकर्त्यांनी मोजली नाही, आणि आम्ही बातमीदारांनीही मोजली नाही. बार्शी लाईटच्या कामगारांसाठी संसदेनं निदान एक दिवस उशिरा का होईना कायदा केला. रुळाचं माप बदललं म्हणून ज्याचा धंदा गेला, त्या हमालासाठी, चहावाल्यासाठी कोणतं कलम आहे?

मग आता काय करायचं? माझ्या परीनं दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, कारखान्याबद्दल बोलताना "कारखाना वाचवा" एवढंच म्हणून थांबू नका. कोणतं काम, किती माणसं, किती वर्षं, हे तीन आकडे प्रत्येक उमेदवाराकडून लेखी घ्या. मी ते इथं जसेच्या तसे छापीन आणि पाच वर्षांनी पुन्हा छापीन.

दुसरी, आपला इतिहास गोळा करू. ज्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनीचा वर उल्लेख केला, ती जेमतेम 30 वर्षं चालली आणि 1934 मध्ये बंद पडली. लांबी सगळी मिळून आठेक मैल. तिथल्या लोकांनी त्या वाटेवर चालायचा रस्ता केला आणि लोक आजही मुद्दाम तिथं फिरायला जातात. आपली लाइन 325 किलोमीटरची आणि शंभर वर्षांहून जास्त चाललेली. आपल्याकडं एक खोलीभर प्रदर्शन नाही. ज्या फिटरकाकांनी, ज्या खलाशांनी, पॉइंट्समननी ही गाडी चालवली ते आता ऐंशीच्या घरात आहेत. जुने पास, बिल्ले, कंदील, फोटो घरोघरी माळ्यावर पडलेत. काही भंगारात गेले, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

तुमच्या घरी असं काही असेल तर फेकू नका. फोटो काढून मला पाठवा, सोबत कुणाचं आणि कोणत्या सालचं एवढं लिहा. आजोबा-आजी बोलायच्या स्थितीत असतील तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. मी येतो, बसतो, ऐकतो. शंभर वस्तू जमल्या की आपण स्टेशनवर एक खोली मागू. मागायला हातात काहीतरी पाहिजे.

ते चहावाले मामा आता नाहीत. त्यांचं जे वाक्य तेव्हा छापलं नाही, ते आज छापतोय : "आता गाडी बदलायची नाही म्हणजे आमच्याकडं कोण थांबणार?"

उत्तर आपल्याला द्यायचंय.